बांड्याचा उलटा फोटो

५ जानेवारी, सोमवार

शाळेची पाटी उलटी वाचून पाह्यली. वाचताच येत नाही!

आज कॉम्प्युटरच्या तासाले नयन सरांनी फोटो उलटवाले शिकवलं. शाळेच्या फाटकाचाच फोटो होता. सर म्हणे, "फ्लिप हॉरिझॉन्टल दाबा." दाबलं. फाटक तसंच राह्यलं, पण उजवीकडचं लिंबाचं झाड डावीकडे गेलं, अन् पाटीवरच्या अक्षरांचा पार चिवडा झाला. निकिता अन् मी एकाच मशीनवर बसतो. तिनं परत दाबलं — सरळ! परत दाबलं — उलटं! सर ओरडले, "अर्पिता, ते बटण तुटेल." दाबत होती निकिता, बोलणी मले. नेहमीचंच हाय.

मंग खाली-वर उलटवाचं शिकवलं. त्यात सगळे वटवाघळावानी लटकतात. ते काही खास नाही, आंधळ्यालेही समजन. आडवं उलटवलेलं मात्र पटकन ध्यानात येत नाही. मले तेच आवडलं.

पाटी नसती तं फाटक उलटं हाय हे कोणाले समजलं असतं काय? सरांले विचारलं. सर म्हणे, "चांगला प्रश्न आहे," अन् घंटी झाली.

६ जानेवारी, मंगळवार

मराठीच्या बाई म्हणतात शुद्ध लिहीत जा. परीक्षेत लिहीन. इथं माही मर्जी.

आईच्या फोनवर पण उलटवता येते! आईचा फोटो काढला अन् उलटवला. पदर गेला उजव्या खांद्यावर! आई भाकर थापता थापता हसत सुटली — "ही कोण बाई वं? माही जाऊ दिसते!" बाबाचं घड्याळ दुसऱ्या हातात गेलं. आबाजीच्या टोपीले काहीच झालं नाही, टोपी दोन्हीकडून टोपीच.

मंग अक्षरं घेऊन बसली. उलटवलं तरी तसंच राहीन असं मराठीत कोणतं अक्षर हाय? क नाही. म नाही. ग तं पारच वाया गेला. ठ! ठ तेवढा जवळपास तसाच राह्यते. अन् शून्य. धावत जाऊन आबाजीले सांगतलं. तो म्हणे, "मंग आता ठ चं लोणचं घालतं काय?" माह्या आज्याची मस्करी ही अशी.

माह्या चेहऱ्याची मात्र गंमत झाली. फोटोत नाक वाकडं. उलटवला तं बरोबर! सर म्हणे आरशात आपण उलटे दिसतो, तेच डोळ्याले सवयीचं होते, लोकाले मात्र आपण सरळ दिसतो. म्हणजे मी आजपर्यंत स्वतःले उलटंच पाहून राह्यली होती. अन् निकिताले माहं वाकडं नाक रोज दिसते, पण बाई कधी बोलली नाही!

७ जानेवारी, बुधवार

निकिताचा चेहरा मधातून कापला. डावा अर्धा उलटवून डाव्यालेच जोडला, उजवा उजव्याले. दोन निकिता झाल्या! एक लय गरीब, एक पक्की भांडखोर. सरांनी विचारलं, खरी कोणती? वर्ग ओरडला — भांडखोर!

८ जानेवारी, गुरुवार

बाबानं बैलजोडी विकाची पक्की केली. बांड्या अन् तांबड्या, दोघंही.

आर्णीचा गिऱ्हाईक हाय. पुढच्या शनिवारी न्यायले येते. बाबानं जेवता जेवता सांगतलं — वखराले, पेरणीले ट्रॅक्टर भेटते, आबाजीचे गुडघे चालत नाहीत, चारापाणी, शेणगोठा सगळं आईच्या गळ्यात. त्यात खोटं काहीच नव्हतं. "जबान देऊन आलो," म्हणे. बाबानं जबान दिली म्हणजे विषय संपला. गावात सगळेच म्हणतात, अमरचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

आबाजीनं ताट सरकवलं अन् हात धुवाले उठला. बांड्या त्याच्या हातचा हाय. बांड्याची माय तो झाल्याबरोबर मेली, तवा आबाजीनं त्याले बाटलीनं दूध पाजून जगवला. घरात सगळ्याले माहीत हाय, बाबाले तं सगळ्यात जास्त.

मी म्हटलं, "तांबड्याले द्या ना एकट्याले. बांड्या राहू द्या."

बाबा म्हणे, "असं नसते पोरी. जोडी जोडीनंच जाते. तांबड्या डावीकडे चालते, बांड्या उजवीकडे. जागा बदलली तं वखर एकीकडे अन् बैल एकीकडे! एकट्याले कोण घेईन?"

मी गोठ्यात जाऊन बसली. बांड्यानं माही ओढणी चावली.

१० जानेवारी, शनिवार

बांड्या गेला!!

सकाळी गोठ्यात तांबड्या एकटा हंबरून राह्यला. बांड्याचा खुंटा रिकामा. आबाजी म्हणे, "मी पहाटेच फिराले गेलतो. आलो तं बैल नाही." आई म्हणे चोरला. बाबा म्हणे सुटला असन. दिवसभर नाला पाह्यला, तुरीचे वावरं पाह्यले, बोरी गावच्या बाजाराची जागा पाह्यली. कुठीच नाही. आबाजी ओट्यावरून हललाच नाही. आई म्हणे धसका घेतला त्यानं.

मले तो विकाले नको होता. पण विकला असता तं आर्णीले हाय हे तं माहीत राह्यलं असतं! आता कोणी गाडीत घालून नेला असन तं? एक शिंग तुटकं, वरून लंगडते थोडा. त्याले कोण पोसणार? तो सापडलाच पाह्यजे. मंग आर्णीले गेला तरी चालन. जिवंत तं राहीन.

११ जानेवारी, रविवार

पोस्टर केलं! मी! एकटीनं!

आईच्या फोनवर पोळ्याचा फोटो होता. बांड्या झूल घालून उभा, मागं अर्धं गाव. माणसं कापून काढली, उजेड वाढवला, बांड्या एकदम उठून दिसला. डावीकडे बांड्या, उजवीकडे मजकूर. मले वाटलं झालं.

तरी म्हटलं अब्रारभाईले दाखवावं. बाजारात त्यांचं फ्लेक्सचं दुकान हाय, अख्ख्या बोरीचे वाढदिवस तेच छापतात. निकिताले घेऊन गेली. त्यांनी पाह्यलं अन् मान हलवली. "बेटा, ये तो बाहर देख रहा है. फ्लेक्सवर कोणी बाहेर पाहत नसते. वाढदिवस असो का श्रद्धांजली, मुंडी मजकुराकडे! नाही तं वाचणाराही त्याच्यासंगं बाहेर पाहते अन् निघून जाते."

मी दुकानातले सगळे फ्लेक्स पाह्यले. खरंच की! सगळे आतमंदी पाहून राह्यले. म्हटलं, सगळे एकाच बाजूनं फोटो काढतात काय? अब्रारभाई हसले — "अरे नाही, आधे तो मैंने पलटाए." म्हणजे आमच्या इकडचे अर्धे पुढारी चौकात उलटे टांगलेले हायेत अन् त्यांच्या बायकांलेही पत्ता नाही! निकिता तं हसून हसून खालीच बसली.

मी तिथंच बांड्याले उलटवला. तो मजकुराकडे पाहाले लागला. मंग फोटो समोर धरून खूण लिहिली — डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं, कपाळावर पांढरा डाग, थोडा लंगडतो. खाली आईचा नंबर.

घरी दाखवला. आई म्हणे, "हा काहीतरी वेगळाच दिसून राह्यला. वाळला होता काय पोळ्याले?" आबाजीनं फोन डोळ्याजवळ नेला, दूर नेला, परत जवळ नेला. गंज वेळ पाह्यला. मंग म्हणे, "झकास! पाठव. आत्ताच पाठव." आबाजीनं माह्या कोणत्याच गोष्टीले आजपर्यंत झकास म्हटलं नव्हतं! बाबानं पण पाह्यला. एकदा फोटोकडे पाह्यलं, एकदा आबाजीकडे. "बरं हाय," म्हणे, अन् गाडीची चाबी घेऊन शोधाले निघाला.

पाठवला! दारव्हा, आर्णी, दिग्रस, जिथं जिथं अब्रारभाईची ओळख तिथं तिथं.

१२ जानेवारी, सोमवार

एकच फोन आला. एक बाई म्हणे, बैल नाही पाह्यला, पण म्हैस विकाची हाय, घेता काय?

१३ जानेवारी, मंगळवार

काय लिहू!

सांजच्याले आईचा फोन वाजला, मी उचलला. आर्णी रोडच्या बाजूचा कोणी माणूस होता. म्हणे, "ताई, तुमच्या फोटोतल्यावानी बैल आमच्या गावात एका घरामागं बांधून हाय. पण त्याचं उजवं शिंग तुटलं हाय, अन् तुमचं तं डावं लिहून हाय. म्हणजे तो नाही. तरी म्हटलं सांगावं." गावाचं नाव विचारलं. आत्याचं गाव!

फोन ठेवला अन् डोक्यात काहीतरी टोचाले लागलं. उजवं?

गोठ्यात गेली. तांबड्याच्या उजव्या बाजूले जाऊन उभी राह्यली, जिथं बांड्या असते. तांबड्याकडचं बांड्याचं शिंग कोणतं? डावं. ते धड होतं, दोघं शिंगाले शिंग घासत उभे राह्यचे. तुटकं शिंग बाहेरच्या बाजूले होतं. म्हणजे उजवं!

अरे देवा! मीच उलटवला. अन् खूण लिहिली ती पण उलट्या फोटोकडे पाहून! अख्खा तालुका डाव्या शिंगाचा बैल शोधून राह्यला, जो जगातच नाही. गाढव, गाढव, गाढव!

धावत आबाजीकडे गेली. तो ओट्यावर दोर वळत बसलता. "आबाजी, बांड्या आत्याच्या गावाले हाय! माह्याकडून फोटो उलटा झाला, आत्ता सरळ करून पाठवते —"

त्यानं माह्या हातातला फोन धरला. "नको पाठवू."

"काहून?"

"मीच नेला त्याले."

मले समजेच ना. आबाजी हळूच बोलला, आई चुलीजवळ होती म्हणून. पहाटे चालत नेला म्हणे, त्या गुडघ्यांनी! आत्याच्या घरामागं बांधला. आत्याकडे जनावर नाही, फुवाजीची काळीपिवळी जीप हाय, म्हणून तिथं बैल शोधाले कोण जाणार? "जोडी असली तं जाईन. एकट्याले कोण नेते? शनिवार जाऊ दे. गिऱ्हाईक परतला की आणतो."

"अन् फोटो? तुमाले दिसला नाही उलटा?"

"न दिसाले काय झालं? म्हटलं देवच पावला. उलट्या बांड्याले कोण शोधीन!" आबाजी हसला, अन् हसता हसता त्याचे डोळे भरले. "अमरले बोलजो नको. तो शब्द मोडणारा माणूस नाही, अन् माह्यासाठी त्यानं मोडावा असं मलेही नाही वाटत. बैलच नाही तं शब्दही नाही मोडत."

फोटो सरळ नाही केला. बांड्या जिवंत हाय! नाचावं वाटते. अन् रडावंही वाटते.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बाबा आज पण शोधाले गेला. सणाच्या दिवशी! सांजच्याले आला, कपड्यावर धूळ. आईनं विचारलं, "काही समजलं?" "नाही." मी तिळगूळ दिला. बाबा म्हणे, "गोड बोल वं." कायचं गोड बोलू? आबाजीचा राग आला. मंग बाबाचा आला, कायले दिली जबान! मंग माहाच आला.

एक समजत नाही. बाबा रोज इतका फिरते, तं आत्याच्या गावावरून एकदाही काहून नाही गेला? गेला तं दिसन त्याले. न गेलेलाच बरा.

१५ जानेवारी, गुरुवार

आज मेलीच होती मी.

सरांनी माहं पोस्टर पडद्यावर मोठं करून लावलं! "पाहा, शिकलेलं खऱ्या कामाला कसं येतं." सगळा वर्ग पाहून राह्यला. मी मान खाली घालून बसली. सर म्हणे, "उलटवल्यावर काय काय बदलतं, सांगा बरं." अन् निकितानं हात वर केला. "सर, हा बांड्या उलटा हाय! त्याचं उजवं शिंग तुटकं हाय, मी पोळ्याले गोंडा बांधला होता त्याले!"

सर कपाळाले हात लावून म्हणे, "अरे, मग बैल सापडणार कसा? अर्पिता, ये, आत्ता सरळ कर." सगळ्यांसमोर केला. एक बटण. बांड्या बाहेर पाहाले लागला, उजवं शिंग तुटकं, अगदी खरा बांड्या. लय दिवसांनी पाह्यला त्याले. खूणही बदलून लिहिली. सर म्हणे, "पाठव." म्हटलं, "ग्रुप आईच्या फोनवर हायेत सर. घरून पाठवते."

रस्त्यानं निकिता म्हणे, "तू पाठवणार नाही ना?"

"तुले कसं समजलं?"

"खोटं बोलताना तुहं नाक आणखी वाकडं होते."

तिले सगळं सांगतलं. कोणाले बोलणार नाही म्हणून तिनं शपथ घेतली अन् माह्या डब्यातले सगळे तिळाचे लाडू खाल्ले. भांडखोरच खरी!

१६ जानेवारी, शुक्रवार

विचित्र झालं.

मधल्या सुट्टीत सर म्हणे, "काल तुझे बाबा भेटले हॉटेलवर. त्यांना सांगितलं, फोटो उलटा होता, आता अर्पितानं सरळ केला आहे. विचारलं, पाठवला ना? ते म्हणाले, हो सर, पाठवला, सगळीकडे गेला."

मी तं पाठवलाच नाही! बाबाले सांगतलंही नाही. मंग बाबा असं काहून बोलला? सरांसमोर माही लाज राखाले? का त्याले फ्लिप म्हणजे काय तेच समजलं नाही, अन् उगाच हो म्हटलं? पण फोटो उलटा होता हे ऐकल्यावर घरी येऊन मले विचारलं तरी असतं. विचारलं काय, तं "जेवली काय?" एवढंच.

उद्या आर्णीचा माणूस येते.

१७ जानेवारी, शनिवार

आला. तांबड्याभोवती फिरला, दात पाह्यले, पाठीवर थाप मारली. म्हणे, "जोडी ठरली होती, अमरभाऊ."

बाबा म्हणे, "जोडीच ठरली होती. बैल गेला. मी शब्द फिरवला नाही, पण देऊ कुठून? थांबत असान तं थांबा."

"मले थांबता येत नाही. मी दुसरी पाहतो. तुमी मोकळे, मी मोकळा." चहा घेतला, हात मिळवला अन् गेला. वाईट माणूस नव्हता बिचारा.

आबाजीच्या हातातला कप तसाच राह्यला, चहावर साय आली. बाबा गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसला, पाठ आमच्याकडे करून. सगळ्या गावासमोर ठरलेली जोडी मोडली, त्याले किती वाईट वाटलं असन! मी दोन वेळा जवळ गेली अन् दोन्ही वेळा परत आली. माह्यानं त्याच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

बांड्या आला! आबाजी पुढं, बांड्या मधात, मागून आत्या. आबाजी म्हणे, "नाल्यापलीकडे सापडला." बाबा म्हणे, "बरं झालं," अन् त्याले उजवीकडच्या खुंट्याले बांधलं. आणखी काहीच विचारलं नाही.

स्वयंपाकघरात आत्याले म्हटलं, बाबाचं लय वाईट वाटते, बिचारा रोज शोधत फिरला. आत्या कानाजवळ येऊन म्हणे, "शोधते कायचा! तुहा फोटो आला त्याच दिवशी पोचला अमर माह्याकडे. म्हणे, 'फोटो उलटा हाय अन् आपला बाप झकास म्हणते, म्हणजे बैल तुह्याचकडे असन, आक्का.' तवापासून रोज येऊन बसे बांड्याजवळ. पार सांज होयेपर्यंत. मले म्हणे, बापाले सांगजो नको."